गुलब्याचं आम्ल

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि कालपर्यंत मी तुमच्यावर संशय घेत होते. लोक भेटायला येतात, तुमच्या फोटोकडे बघून "सर म्हणजे आरसा" असं म्हणतात. मी मान हलवते. आरसा रोज पुसणारीला त्याचा मागचा उडालेला पाराही माहीत असतो, हे त्यांना काय सांगायचं.

हे तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत आपली नातवंडं इरा आणि ओम, मेलबर्नला. म्हणजे इरा वाचेल आणि ओमला ऐकवेल. त्यामुळे मधेच त्यांच्यासाठी थांबावं लागेल. तुम्ही नेहमीसारखं "कळलं, पुढे" असं म्हणू नका. तुमचं शिक्षण, नोकरी, निवृत्ती यातलं काही मी लिहिणार नाही. मला फक्त त्या कुपीबद्दल बोलायचं आहे. चाळीस वर्षं आपण तिच्याबद्दल पाहुण्यांशी बोललो, एकमेकांशी एकदाही बोललो नाही.

कुपी तिथेच आहे, पुस्तकांच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, शब्दकोशाच्या उजव्या हाताला. करंगळीएवढी, बुचाला मेण, आत पांढऱ्या बारीक सुया. बाहेरच्या पट्टीवर कालपर्यंत माझ्या अक्षरात होतं: "गोठ्यातून, वेल्हे." तालुक्याचं नाव आता बदललं. पट्टी मी बदलली नव्हती.

तुम्ही जाण्याच्या महिनाभर आधी इराचा व्हिडिओ कॉल आला होता.

"आजोबा, ती गोठ्यातली बाटली मला द्याल? आमच्या कॉलेजात प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची आहे आणि तिच्यामागचं रसायनशास्त्र सांगायचं आहे. मी सांगणार, माझ्या आजोबांनी हे खेड्यातल्या शाळेत गोमूत्रापासून काढलं."

तुम्ही उशीला टेकून बसला होतात. आधी माझ्याकडे पाहिलंत, मग फोनकडे.

"आजीला विचार. आपल्या घरातून तपासल्याशिवाय काही बाहेर जात नाही."

"आजी, दे ना."

"बघू," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर तुम्ही म्हणालात, "बाई, एकदा वेल्ह्याला जाऊन येऊ." शाळेत सगळे मला बाई म्हणायचे, आणि तुम्ही घरीही म्हणायचात, चिडवायला. मी म्हणाले, "आधी दारासमोरच्या चार पायऱ्या उतरून दाखवा." तुम्ही हसलात. मला वाटलं, विषय टाळताय. तुमचं ते हसू मी टाळाटाळीच्या खात्यात टाकलं आणि औषधाची वेळ बघितली.

आता तुम्ही नाही आणि इराचा प्रश्न तसाच आहे. ती परक्या देशात, चार लोकांपुढे उभी राहून तुमचं नाव घेऊन जे सांगणार, ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. खोटं असेल तर ते मी तिच्या तोंडी कसं घालू? आणि खरं असेल, तर मी इतकी वर्षं कोणाबरोबर कशी राहिले?

ओम, आता तुझ्यासाठी. गवत खाणाऱ्या जनावरांच्या मूत्रात एक आम्ल असतं आणि त्यात नायट्रोजन असतो. रसायनशास्त्र बाळसं धरत होतं त्या काळात युरोपातल्या लोकांनी ते घोड्यांच्या आणि गाईंच्या मूत्रातून काढलं. आधी त्यांना वाटलं, हे लोबानातून निघतं तेच जुनं आम्ल. मग एकाच्या लक्षात आलं की हे वेगळं आहे, ह्यात नायट्रोजन आहे. पुढे कोणी ते तीव्र आम्लात उकळून पाहिलं, तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा म्हणजे लोबानातलं ते साधं आम्ल, पांढरं, नायट्रोजन नसलेलं. त्याला बेंझॉइक आम्ल म्हणतात. दुसरा तुकडा नायट्रोजन घेऊन पाण्यात विरघळून राहिला, आणि तो म्हणे मुळात चवीला गोड असतो. आजोबांना हे पुण्याच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका फाटक्या इंग्रजी पुस्तकात सापडलं, आणि त्यांची झोप उडाली.

आठवतं तुम्हाला? तेव्हा आपण नसरापूरला दोन खोल्यांत राहत होतो आणि रोज एसटीने वेल्ह्याच्या, गुंजवणी नदीच्या बाजूच्या त्या शाळेत जायचो, तुम्ही विज्ञान शिकवायला, मी इंग्रजी. पुस्तकातलं इंग्रजी जुन्या वळणाचं होतं. संध्याकाळी चहा झाला की तुम्ही ते घेऊन माझ्यासमोर बसायचात, मी वाचून मराठीत सांगायची, तुम्ही वहीत उतरवून घ्यायचात. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आपल्यात त्या संध्याकाळींइतकं गोड दुसरं काही झालं नाही, हे मी आज लिहून ठेवते, कारण तेव्हा बोलले नाही.

तुम्हाला एकच ध्यास होता. आपल्या पोरांनी परीक्षानळी पुस्तकातल्या चित्रात पाहिली आहे. त्यांना वाटतं, रसायनशास्त्र म्हणजे शहरातली बाटली. त्यांना दाखवायचं की त्याची सुरुवात तुमच्याच गोठ्यात होते. शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं, जिल्ह्याहून पाहुणे येणार होते, तेव्हाच हा प्रयोग करायचं तुम्ही ठरवलंत. शाळेमागे हौसाबाईचं घर होतं. घरची शेती, दावणीला पाच-सहा जनावरं. तुम्ही तिच्याकडे गोमूत्र मागितलंत. तिने चार दिवस सकाळी घासलेल्या पितळी तांब्यात आणून दिलं, वर तुळशीचं पान ठेवून. नसरापूरच्या पानवाल्याकडून चुना आणलात, निवळी करून त्यात घातलीत, उकळलंत, गाळलंत, आटवलंत. हेडमास्तर नाकाला रुमाल लावून व्हरांड्यातून जायचे. पोरं खूश होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्या आटवलेल्या पाण्यात आम्ल ओतून चंचुपात्र गार व्हायला ठेवलंत. सकाळपर्यंत त्यात नायट्रोजनवाल्या आम्लाचे स्फटिक यायचे होते. ते पाहुण्यांसमोर तीव्र आम्लात उकळायचे, की साधं आम्ल हजर.

संध्याकाळी शाळा बंद करताना मी त्यात डोकावले होते. चहाच्या रंगाचं पाणी. तळाला काही नाही.

सकाळी तुम्ही एक एसटी आधी गेलात. मी पोचले तेव्हा पांढऱ्या स्फटिकांचा थर होता. मिठासारखा.

"थंडीने केलं," तुम्ही म्हणालात. "वेल्ह्याची थंडी म्हणजे फुकटचं बर्फ."

थंडी होती, खरंच होती. पण चहाच्या रंगाच्या पाण्यातून मिठासारखं पांढरं? मी काही विज्ञानाची बाई नव्हते. पण मी गूळ केलेला पाहिला आहे, रसाचा रंग पहिल्या झटक्यात जात नाही एवढं मला कळत होतं. म्हणून मी रसायनांच्या कपाटाशी गेले. त्या कपाटातल्या सगळ्या बाटल्यांच्या पट्ट्या मीच लिहिल्या होत्या, माझं अक्षर चांगलं म्हणून. बेंझॉइक आम्लाची बाटली कधीच वापरली गेली नव्हती. तिच्या खांद्यावर धुळीची साय होती, हे मला पक्कं माहीत होतं, कारण ती पुसायची ती दिवाळीनंतर राहून गेली होती. त्या सकाळी तिचा गळा स्वच्छ होता, आणि बुचाभोवतीचं मेण फुटलेलं होतं.

तासाभरात पाहुणे आले. तुम्ही ते पांढरे स्फटिक आम्लात उकळलेत, चंचुपात्र माठातल्या पाण्यात धरलंत, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या सुया पडायला लागल्या. बेंझॉइक आम्ल आधीच असेल तरी हेच होणार, ते विरघळून पुन्हा सुयाच होणार. पाहुण्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाई, हे सगळं फलकावर इंग्रजीत लिहा, आम्ही फोटो घेतो." आणि मी लिहिलं. या गावच्या गोठ्यातून, आमच्या डोळ्यांदेखत, असं मी सुवाच्य इंग्रजीत लिहिलं. त्या वाक्यावर माझा विश्वास नव्हता. तुम्ही टाळ्यांमध्ये उभे होतात आणि माझ्याकडे बघत नव्हतात.

मी तेव्हाच का विचारलं नाही, असं इरा विचारेल. कारण विचारलं असतं तर तुम्ही मला खरं सांगितलं असतं, आणि मग त्या फलकावरच्या वाक्याचं मी काय केलं असतं? मी तुमच्यावर रागावले तो अर्धा राग माझ्यावरचा होता. तो मी आयुष्यभर तुमच्याकडूनच वसूल केला.

त्या सुया कुपीत भरून तुम्ही घरी आणल्यात आणि पट्टी लिहायला माझ्यापुढे ठेवल्यात. मी लिहिली. पुढे घर भोरला बांधलं, कुपी सोबत आली. तुम्ही स्वतः ती कपाटातून कधी काढली नाहीत. काढायची मी. तुमच्या भावाकडचे आले, व्याही आले, मुलाचे मित्र आले की मी मुद्दाम म्हणायची, "अहो, ती गोठ्यातली गंमत सांगा ना." आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. तुम्ही दर वेळी एकच सांगायचात: "मला काय विचारता? बैलाला विचारा." सगळे हसायचे. मी तुमच्या कानांकडे बघायची. काही लपवताना तुमचे कान लाल होतात, हे फक्त मला माहीत होतं.

दुसरा संशय त्यानंतरच्या उन्हाळ्यातला आहे. तोही लिहिते, मुलं मोठी झाली आहेत. प्रदर्शनानंतर दोनेक महिन्यांनी तुम्ही रविवारी शाळेच्या गावाला जायला लागलात. "जादा तास" म्हणालात. सकाळच्या एसटीने जायचं, दुपार टळल्यावर यायचं. शर्टाला धूर, आणि धुराखाली आणखी काहीतरी, जे दोनदा धुतल्याशिवाय जात नव्हतं.

"जादा तासाला धूर कसला?"

"पोरं चुलीवर चहा करतात."

सोमवारी मी नववीतल्या एका मुलीला सहज विचारलं, "काल तास कसा झाला गं?"

"कसला तास, बाई? काल तर आमी समदी जत्रंला गेल्तो."

मी पुढे काही विचारलं नाही. तुम्हालाही नाही. सहा रविवार गेले आणि तुमचं जाणं थांबलं. मी हौसाबाईचं नाव मनात घेऊन बघितलं, आणखी दोन नावं घेऊन बघितली, आणि तुमचे शर्ट धूत राहिले. माणूस एकदा कुपीत खोटं भरू शकतो, तर रविवारात का नाही, असा माझा हिशोब होता. तुम्ही कधी वावगं वागला नाहीत. पण मी तुमच्या चांगुलपणाकडेही पावती तपासावी तसं बघत आले. ह्याबद्दल आज क्षमा मागते. पण थांबा, आधी पुढचं ऐका.

परवा हौसाबाई आली होती.

दारात काठी टेकून उभी. पंच्याहत्तरीची तरी असेल, नसरापूरला एसटी बदलून एकटी आलेली. "वळाकलं का, बाई?" म्हणाली. ओळखलं. तिला पाणी दिलं, चहा दिला. तिने तुमच्या फोटोला हात जोडले आणि पदराने डोळे पुसले, आणि मी, तुमची बायको, तिच्या पदराकडे बघत विचार करत होते की हिला इतकं रडू का यावं.

"सर गेल्यालं कंडक्टरनं सांगितलं. माज्या नातवाला ठावं व्हतं, पर त्यो मोबाईलातनं डोकं काडंल तवा सांगंल ना." मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "तुमी अजून तशाच हाय. समदं जागच्या जागी. पोरं तुमाला लई भ्यायची. सर बी भ्यायचं."

"सर कशाला भितील?"

"मला काय म्हाईत न्हाई व्हय? माज्याच परसात बसून म्हनायचं, हौसाबाई, बाईंला कळलं तर माजी खैर न्हाई."

मी कप खाली ठेवला. "काय कळलं तर?"

हौसाबाईने चहाचा शेवटचा घोट घेतला. मग ती बोलायला लागली, आणि मी तिला मध्ये एकदाही अडवलं नाही. माझ्यासाठी हे किती अवघड होतं ते तुम्हाला माहीत आहे.

"पैल्यांदा सर आलं, म्हनले, गोमूत्र पायजे, चांगलं. आता शाळंच्या कामाला, सरस्वतीच्या कामाला, का कुनी म्हाताऱ्या बैलाचं द्यावं? माजी कपिला नुकतीच व्याली व्हती. तिच्या वासरीचं धरून दिलं म्या. नुसती दुदावर असल्याली, गवताला तोंड न्हाई लावल्यालं. त्याच्यावानी शुद्ध दुसरं काय असतंय? पूजंला समदी तेच न्येत्यात माज्याकडनं. मंग थंडी सरल्यावर सर परत आलं. तोंड उतरल्यालं. म्हनले, हौसाबाई, ते गोमूत्र कुनाचं व्हतं? म्या सांगितलं. तर सर उंबऱ्यावर खालीच बसलं आन हसाय लागलं. हसत्यात का रडत्यात, मला काय कळंना."

"मग?"

"मग म्हनले, मला देवाचं नगं. तुज्या गोठ्यातलं सगळ्यात म्हातारं जनावर कुठलं, त्याचं दे. आमचा गुलब्या व्हता, दात पडल्याला, दिसभर वाळला चारा चगळायचा. त्याच्यामागं सर तांब्या घिऊन उबं. माजी सासू म्हनायची, काय मास्तर हाय, बैलाची वाट बगतोय, पोरीची बगावी तशी. सा आईतवार, बाई. परसात तीन दगडाची चूल, त्याच्यावर त्यो काढा. वास तर असा सुटायचा, शेजारीन भांडाय यायची. राहिल्यालं पानी दावून सर म्हनायचं, ह्यात गोड हाय. म्या म्हनलं, तुमीच चाका."

ती हसली. हसता हसता कमरेची चंची सोडली आणि सुपारीच्या खणातून एक कुपी काढून माझ्या हातावर ठेवली.

करंगळीएवढी. आपल्या कुपीची जुळी. बुचाला मेण. आत तपकिरी, गुळाच्या खड्यासारखी दिसणारी भुकटी. बाहेर कागदाची पट्टी, कोरी.

"शेवटच्या आईतवारी झालं म्हनले. नाचायचं तेवडं राहिलं व्हतं. म्हनले, आता बाईंला दावतो. मंग एस्टीला निगालं आन अर्ध्या वाटंवरनं माघारी आलं. म्हनले, न्हाई, आता कशी दावू? ही दावली तर ती कसली, असं इचारतील. तुज्यापाशी राहू दे. म्या म्हनलं, किती दिस? म्हनले, बाई इचारतील तवर."

बाई विचारतील तोवर.

हौसाबाई गेल्यावर मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मी तिच्यावर संशय घेतला. गेलेल्या माणसासाठी माणसं दोन चांगले शब्द जास्त बोलतात, आणि तपकिरी भुकटी कशाचीही असू शकते. म्हणून मी ते फाटकं पुस्तक काढलं. वासराच्या मूत्रात ते आम्ल नसतं हे खरंच लिहिलंय का, ते बघायला.

लिहिलंय. दूधपित्या वासराच्या मूत्रात ते जवळजवळ सापडत नाही, ते चाऱ्यातून येतं. दोन पानं आहेत त्याच्यावर, जनावर काय खातं आणि त्याने काय फरक पडतो. त्या पानांवर तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिलेले आहेत, प्रत्येक ओळीत तीन-चार. शब्दकोश घेऊन एकट्याने बसून काढलेले.

एकट्याने का, ते मला आठवलं. ती दोन पानं मी वाचली नव्हती. त्या दिवशी माझ्यापुढे सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी पानं उलटत म्हणाले होते, "इथे नुसती जनावरांच्या खाण्यापिण्याची माहिती आहे, तिचं काही काम नाही." तुम्ही "बरं" म्हणालात आणि वहीचं पान उलटलंत.

मी गाळलेल्या त्या पानांतच कारण होतं, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. मी पाहुण्यांसमोर कुपी काढून तुमच्या कानांकडे बघायची, तेव्हाही नाही. एका शब्दात माझं तोंड बंद करता आलं असतं. "बैलाला विचारा" एवढंच म्हणत राहिलात. मला गंमत वाटायची. तो पत्ता होता.

तरीही, आणि हे तुमच्यापासून काय लपवायचं, एक तपासणी राहिलीच होती. काल सकाळी स्वयंपाक उरकल्यावर मी खिडक्या उघडल्या आणि गॅसवर बारीक आचेवर जुना चमचा धरला. आधी पांढऱ्या कुपीतली चिमूटभर. वर थंड पाण्याची वाटी. सुया वितळल्या, धूर झाला, मला ठसका लागला, आणि वाटीच्या बुडाला पांढऱ्या सुया लटकल्या. वास म्हणावा असा नाही. मग चमचा बदलून तपकिरी कुपीतली. बूच काढताना मेण तुटलं, आणि स्वयंपाकघरात गोठा आला. चाळीस वर्षांपूर्वीचा, शर्टाच्या धुराखालचा, जो मी दोनदा धुवून काढायची, तोच. मी चमचा खाली ठेवून खुर्चीवर बसले. सहाही रविवार त्या वासात होते. त्यांत गुलब्या होता, दुसरं कोणी नव्हतं.

मग उठून उरलेलं पुरं केलं, कारण अर्धवट तपासणी मला खपत नाही. धूर झाला, तोच ठसका लागला. वाटीचं बूड पाहिलं तर त्यावरही सुया होत्या. पांढऱ्या. पहिल्यांसारख्याच, जराही कमी नाही. दोन वाट्या शेजारी ठेवल्या तर कुठली कुठल्या कुपीची हे मलाही सांगता येईना. खाली चमच्यात राहिला तो तपकिरी काळा थर.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे तुम्हाला माहीत होतं. विज्ञानाच्या शिक्षकाला हे माहीत नसेल? पाच मिनिटांत तुम्ही गुलब्याचं आम्ल पांढरंशुभ्र करू शकला असतात, खोटी कुपी रिकामी करून खरं तिच्यात भरू शकला असतात, आणि मी जन्मात ओळखलं नसतं. एका कणावरही लिहिलेलं नसतं की तो बाटलीतून आला की बैलातून. तुम्ही ते केलं नाहीत. ते मळकं ठेवलंत, वासासकट, म्हणजे बाईंना तपासता येईल. आणि पट्टी कोरी ठेवलीत, कारण पट्ट्या मी लिहायची.

तुम्ही त्या दिवशी पाहुण्यांना फसवलंत, हे मी पुसून टाकणार नाही. मुलांनो, आजोबांनी बाटलीतलं आम्ल गोठ्यातलं म्हणून दाखवलं, आणि आजीने ते ओळखूनही फलकावर लिहिलं. हे दोन्ही लक्षात ठेवा. मग सहा रविवार आजोबा म्हाताऱ्या बैलामागे तांब्या घेऊन उभे राहिले, जिथे टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. हेही ठेवा.

आज सकाळी मी पेन काढलं. जुन्या कुपीवरची पट्टी खरवडून नवी लावली: "बेंझॉइक आम्ल. शाळेच्या बाटलीतून." मग कोरी पट्टी घेतली. अक्षर बरं आलं: "बेंझॉइक आम्ल. गुलब्या, हौसाबाईचा गोठा, वेल्हे." दोन्ही शब्दकोशाच्या उजव्या हाताला ठेवल्या.

इरा, कुपी टपालाने येणार नाही. अशा भुकट्या विमानाने पाठवल्या तर तिकडचे कस्टमवाले माझ्याहून संशयी निघतील. तू डिसेंबरात येशील तेव्हा दोन्ही बघ, वासासकट. मग आपण नसरापूरला एसटी बदलू आणि हौसाबाईच्या परसात जाऊ. तिला तीन दगड कुठे मांडले होते ते विचारायचं आहे.

तुम्ही म्हणाला होतात, एकदा वेल्ह्याला जाऊन येऊ. मी पायऱ्या मोजत बसले. आता विचारायला निघाले आहे, तेवढं मात्र उशिरा.